सामाईक संगणककक्षात चित्रफीत-संकलनाची व्यवस्था

गेल्या दोन वर्षांत शाळाभेटींच्या वेळी एक विचारणा माझ्याकडे वारंवार झाली आहे. क्षेत्रभेट, बालसभा, परसबाग, गावातील कारागिरांच्या मुलाखती यांचे चित्रण मुले व शिक्षक भ्रमणध्वनीवर हौसेने करतात. ते साठत जाते. परंतु त्यातून पाहण्याजोगी अशी तीन-चार मिनिटांची नेटकी चित्रफीत तयार करावयाची झाल्यास ती कशावर व कोणत्या रीतीने करावी, हे उमगत नाही. संगणक आहेत, पण ते एका वर्गाचे नाहीत. केंद्रशाळेतील एका खोलीत आठ-दहा यंत्रे आणि ती वापरणारी मुले तीन शाळांची, असा बहुतेक ठिकाणचा प्रकार आहे. अशा सामाईक कक्षात संकलनाची आज्ञावली बसवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा खुलासा प्रस्तुत टिपणात केला आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आज्ञावली यंत्रावर उतरवून घेणे हे काम फार तर अर्ध्या तासाचे असून ते कोणालाही जमते. अवघड काम निराळेच आहे. एका गटाने आज अर्धवट ठेवलेले काम पुढच्या आठवड्यात त्याच गटाला, त्याच स्थितीत, हाती लागले पाहिजे; मधल्या काळात त्या यंत्रावर आणखी चार गट बसून गेलेले असतात. ही हमी ज्या कक्षात देता येत नाही त्या कक्षात उत्तमातील उत्तम आज्ञावली बसवूनही उपयोग नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी संकलनाचे काम संगणकावर कसे चालते ते पाहिले पाहिजे. जुन्या काळी चित्रपटाची फीत ही हातात धरता येणारी वस्तू होती. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, त्या वेळी कोऱ्या फितीला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरातच होत, व त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा हात होता. फीत कात्रीने कापावी, नको तो तुकडा बाजूला टाकावा व उरलेले तुकडे चिकटवावे, असे ते संकलन होते. संगणकावर यांपैकी काहीच होत नाही. मूळ चित्रण जेथे असेल तेथे जसेच्या तसे राहते. आज्ञावली फक्त एक यादी तयार करते: अमुक तुकडा अमुक ठिकाणी ठेवलेला आहे, त्यातील बाराव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंतचा भाग प्रथम दाखवावा, त्यानंतर तमुक तुकडा, त्यावर अमुक शीर्षक. ही यादी म्हणजेच प्रकल्पाची फाइल.

आपल्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर ही फाइल म्हणजे शाळेची जडवस्तुसंग्रह नोंदवही होय. वहीत लिहिलेले असते की जिल्ह्याचा नकाशा दुसऱ्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर आहे. वही कितीही नीट जपली, पण नकाशा कोणी तेथून उचलून नेला, तर वही उघडून नकाशा मिळत नाही. आणि वही दुसऱ्या शाळेत नेली तर तेथे कपाटही नसते.

या अज्ञानाची किंमत आमच्या भागातील एका शाळेतील मुलींना मोजावी लागली, व त्यात माझाही दोष आहे. त्या गावी कुंभाराचे एकच घर उरले असून उन्हाळी माठांचा मोठा आवा वर्षातून एकदाच, होळीच्या आगेमागे लागतो. सातवीच्या पाच मुलींनी आवा रचण्यापासून तो उघडण्यापर्यंतचे चित्रण केले. सारे मिळून सुमारे चाळीस मिनिटांचे. बाईंनी ते केंद्रशाळेतील एका यंत्राच्या डेस्कटॉपवर घेतले, आणि भ्रमणध्वनीत जागा उरली नव्हती म्हणून तेथून काढून टाकले. मुलींनी तीन शनिवार बसून संकलन केले. मधल्या काळात, यंत्रे वरचेवर बिघडतात या तक्रारीवरून, दर वेळी संगणक चालू करताच तो पूर्वस्थितीस आणणारी एक आज्ञावली सर्व यंत्रांवर बसविण्यात आली. ती सूचना मीच दिली होती. यंत्रांवर कोणाचे काम आहे काय, एवढे विचारण्याचे मला सुचले नाही. चौथ्या शनिवारी डेस्कटॉप कोरा होता. एका मुलीने मोठ्या शहाणपणाने “आपला सिनेमा” पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. तो उघडला तेव्हा पडद्यावर त्रेसष्ट तुकड्यांची यादी आली व प्रत्येकापुढे तो सापडत नसल्याची नोंद. तिने जपली होती ती शे-दीडशे केबींची वही. पुढचा आवा लागला तेव्हा त्या मुली हायस्कूलात गेल्या होत्या.

पूर्वस्थितीस आणणारी ती आज्ञावली वाईट नव्हे. सामाईक कक्षात ती उपयुक्तच ठरते. मात्र ती बसविताना यंत्राच्या साठ्याचे दोन भाग करून घ्यावे लागतात. सी ड्राइव्ह हा भाग दररोज पूर्ववत होऊ द्यावा. डी ड्राइव्ह हा भाग त्या व्यवस्थेतून वगळावा व मुलांचे सर्व काम तेथेच राहील असे करावे. वगळला आहे किंवा नाही हे तंत्रज्ञाच्या शब्दावर सोडू नये. डी ड्राइव्हवर एक लहान फाइल ठेवून संगणक बंद करून पुन्हा चालू करावा आणि ती फाइल आहे ना, हे स्वतः पाहावे.

आता यंत्रांविषयी. काही ठिकाणी खर्च वाचविण्यासाठी एकच संगणक घेऊन त्याला चार-पाच पडदे व कळफलक जोडलेले आहेत. लेखन, चित्र रंगविणे वा प्रश्नमंजूषा यांसाठी ही रचना चालते; संकलनासाठी ती निरुपयोगी आहे, कारण एकाच यंत्राची शक्ती पाच वाट्यांत विभागली जाते आणि चित्र अडखळत पुढे सरकते. अशा कक्षात एका वेळी एकाच गटाने संकलन करावे, इतरांनी त्या वेळात पटकथा लिहावी. स्वतंत्र यंत्रे असतील तर प्रत्येकाची स्मृती किती आहे ते सेटिंग्जमधील सिस्टिम या सदराखाली पाहावे. ४ जीबी स्मृतीवर साधे, कमी आकाराचे चित्रण कसेबसे हाताळता येते. भ्रमणध्वनीवरील पूर्ण आकाराच्या चित्रणास ८ जीबी असावी. देणगीतून वा लोकवर्गणीतून थोडी रक्कम उपलब्ध होत असेल तर नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्या यंत्रांची स्मृती वाढविणे व फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसविणे, हा खर्च मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आज्ञावली कोणती घ्यावी, याबाबत मतभेद आहेत. पुष्कळ शिक्षक अजूनही ‘मूव्ही मेकर’ मागतात. ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये मागे घेतली असून, तिच्या नावाखाली आज जे काही महाजालावर मिळते त्यात फसवणुकीचे प्रकार आढळले आहेत. सबब ती शोधू नये. कोणी ‘दा विंची रिझॉल्व्ह’चे नाव सुचवितात. ती विनामूल्य मिळते व उत्तमही आहे, परंतु १६ जीबी स्मृती व चांगले चित्रपत्रक असल्याखेरीज ती सुखाने चालत नाही. आपल्या यंत्रांवर ती बसविणे म्हणजे बैलगाडीला रेल्वेचे डबे जोडणे होय. विकतच्या आज्ञावल्यांच्या कुलूप फोडलेल्या प्रती कोणी आणून दिल्या तर त्या स्वीकारू नयेत. त्या बेकायदेशीर तर आहेतच, शिवाय संगणकाला रोग लागण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

मुक्त आज्ञावल्यांपैकी ‘ओपनशॉट’, ‘केडेनलाइव्ह’ व ‘शॉटकट’ या तीन विचारात घेण्याजोग्या आहेत. तिन्ही विनामूल्य असून विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतात. ओपनशॉटची मांडणी लहान मुलांना लवकर कळते, पण काम मोठे झाले म्हणजे ती मंदावते, असा माझा अनुभव आहे. केडेनलाइव्हमध्ये सोयी सर्वाधिक आहेत; त्या पाहून पाचवीचे मूल गोंधळते व शिक्षकही. आमच्या केंद्रांसाठी मी शॉटकट निवडली आहे. तिच्याखेरीज गत्यंतर नाही असे नव्हे. मात्र एकाच कक्षात दोन आज्ञावल्या ठेवू नयेत, कारण एकीची प्रकल्प-फाइल दुसरीत नीट उघडेल याचा भरवसा नसतो. सर्व यंत्रांवर आवृत्तीही एकच हवी. नव्या आवृत्तीत केलेले काम जुनीत नेल्यास बिघडू शकते. यासाठी अधिकृत संकेतस्थळावरून बसवावयाची फाइल एकदाच उतरवून घ्यावी, पेन ड्राइव्हवर ठेवावी व तीच सर्व यंत्रांवर वापरावी. यात महाजालाचा खर्चही वाचतो.

येथे ओघाने लिनक्सविषयी दोन शब्द. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आपल्या कक्षांतील पुष्कळ यंत्रे विंडोज ११ स्वीकारू शकत नाहीत. अशी यंत्रे मोडीत न काढता त्यांवर लिनक्स बसविता येते. केरळातील सरकारी शाळांत, २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाच्या पुढील वाटचालीत, मुक्त प्रणालीवर संगणकशिक्षण चालू झाले व ते टिकले. तेव्हा हा मार्ग केवळ गरजेपोटी पत्करावयाचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

बसविण्याचे काम व्यवस्थापकाच्या खात्यातून करावे, आणि मुलांना त्या खात्याचा संकेतशब्द देऊ नये. मुलांसाठी साधी खाती उघडावीत. दर मुलास एक खाते हा विचार कागदावर चांगला दिसतो. साठ मुलांचे साठ संकेतशब्द सांभाळणे मात्र कोणा शिक्षकास झेपणार नाही. दर शाळेस एक खाते पुरे. डी ड्राइव्हवर दर शाळेचा एक फोल्डर करावा व त्याच्या सुरक्षा-सदरात जाऊन फक्त त्याच शाळेच्या खात्याला त्यात लिहिण्याची व पुसण्याची परवानगी ठेवावी. विंडोजमध्ये डी ड्राइव्हवरील फोल्डर एरवी सर्वांनाच उघडे असतात. पहिल्या शाळेच्या मुलांकडून दुसऱ्या शाळेचे काम पुसले जाते ते खोडसाळपणामुळे क्वचित. बहुधा “जागा भरली” अशी सूचना पाहून केलेल्या साफसफाईमुळे.

टंकांकडे, म्हणजे अक्षरवळणांकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही आणि शीर्षके बिघडली म्हणजे सर्वजण आज्ञावलीला दोष देतात. मराठी शीर्षके युनिकोड टंकातच लिहावीत. जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेले शीर्षक, तो टंक नसलेल्या यंत्रावर, इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी होऊन दिसते. ‘मुक्त’ अथवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे विनामूल्य टंक निवडावेत आणि बसविताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय घ्यावा. नुसते ‘इन्स्टॉल’ म्हटल्यास आताच्या विंडोजमध्ये टंक त्या एका खात्यापुरताच बसतो, आणि व्यवस्थापकाच्या खात्यात सुरेख दिसणारे शीर्षक मुलांच्या खात्यात भलतेच दिसते.

यानंतर मूळ मुद्द्याकडे येऊ. नवे काम सुरू करताना शॉटकट दोन गोष्टी विचारते: प्रकल्प कोठे ठेवावयाचा, व त्याचे नाव काय. ठिकाण म्हणून डी ड्राइव्हवरील आपल्या शाळेचा फोल्डर द्यावा. नाव देताच त्या नावाचा एक स्वतंत्र फोल्डर तयार होतो. संकलनास आरंभ करण्यापूर्वी भ्रमणध्वनीवरील सर्व तुकडे, छायाचित्रे, निवेदनाचा आवाज, जे काही वापरावयाचे ते सर्व या फोल्डरात आणून ठेवावे, व मगच आज्ञावलीत घ्यावे. हा क्रम उलटा होता कामा नये. सामग्री प्रकल्प-फाइलच्या शेजारीच असेल तर आज्ञावली तिची नोंद “माझ्या शेजारी” अशी करते, “सी ड्राइव्हवरील अमक्या जागी” अशी नव्हे. त्यामुळे तो संपूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला तरी काम जसेच्या तसे उघडते. पेन ड्राइव्हवर घ्यावयाचा तो हा फोल्डर. त्यातील एकटी फाइल नव्हे. एकदा संकलन सुरू झाले की आतील तुकड्यांची नावे बदलू नयेत.

फोल्डरांच्या नावांसाठी मी एक साधी युक्ती वापरतो. शाळेच्या यू-डायस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक गाव व शाळा दर्शवितात. ते लिहावेत, पुढे इयत्ता व गटक्रमांक. ‘००४०१-७-३’ म्हणजे त्या शाळेतील सातवीचा तिसरा गट. ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’ अशा नावांचा मी जो पसारा पाहिला आहे त्याची पुनरुक्ती यामुळे टळते. दारापाशी एक वही टांगावी व तीत यंत्रक्रमांक, गट, दिनांक लिहावा. शक्यतो गटाला दर वेळी तेच यंत्र द्यावे.

चित्रण करतानाच थोडी काळजी घेतल्यास यंत्रावरील भार पुष्कळ हलका होतो. भ्रमणध्वनीवरील पूर्ण आकाराचे, म्हणजे १०८० मापाचे, एक मिनिटाचे चित्रण साधारणपणे १०० ते १३० एमबी जागा घेते. चाळीस मिनिटांचे चित्रण पाच जीबींच्या घरात जाते. वर्गात दाखविण्यासाठी ७२० चे माप पुरे आहे. नव्या भ्रमणध्वनींत जागा वाचविण्यासाठी एचईव्हीसी या पद्धतीने चित्रण होते. तिच्यात फाइल लहान होते पण जुन्या संगणकास ती उलगडणे जड जाते. यास्तव सेटिंग्जमध्ये एच-२६४ ही पद्धत निवडावी. तुकडा घेताना “हा संकलनास सोयीचा नाही, रूपांतर करू काय?” अशा अर्थाची सूचना आज्ञावलीने दाखविल्यास ती मान्य करावी. भ्रमणध्वनीच्या चित्रणात चौकटींचा वेग कमीजास्त होत असतो, आणि तसेच पुढे गेल्यास बोलणाऱ्याचे ओठ व आवाज यांची फारकत होते.

एवढे करूनही चित्र अडखळत असेल तर दोन उपाय आहेत. पूर्वदर्शनाचे माप ३६० वर आणावे. याचा अंतिम चित्रफितीच्या दर्जावर परिणाम होत नाही. दुसरा उपाय ‘प्रॉक्सी’चा. यात आज्ञावली प्रत्येक तुकड्याची एक हलकी प्रत करून काम तीवर चालविते व शेवटी मूळ तुकडे वापरते. मात्र या प्रती न सांगता सी ड्राइव्हवरील खात्यात साठतात. सेटिंग्जमधील प्रॉक्सीच्या सदरात त्यांची जागा ‘प्रकल्पाचा फोल्डर’ अशी बदलून घ्यावी. हलक्या प्रती आहेत म्हणून मूळ चित्रण पुसून टाकल्याचे एक उदाहरण मला माहीत आहे. असे कदापि करू नये.

पेन ड्राइव्हवरच काम उघडून संकलन करण्याचा मोह टाळावा. ती संथ असते, व तास संपल्याच्या घाईत तशीच उपटली जाते. शिवाय फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबी वा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही. वीज जाण्याचा प्रश्न निराळा सांगावयास नको. शॉटकट मधूनमधून आपणहून नोंद ठेवते व यंत्र अचानक बंद पडल्यास पुढच्या वेळी काम परत आणू काय असे विचारते. तरीही दर दहा मिनिटांनी जतन करण्याची सवय मुलांना लावावी. यूपीएस असेल तेथे निर्यातीचे यंत्र त्यावर ठेवावे. निर्यात म्हणजे सर्व जोडून एकच एमपी-४ चित्रफीत तयार करणे. त्यास जुन्या यंत्रावर बराच वेळ लागतो, आणि त्या वेळात यंत्र दुसऱ्या कामास देता येत नाही. मधल्या सुट्टीत ते लावून द्यावे.

ध्वनीसाठी गटागणिक एक कर्णयंत्र-जोड घ्यावी, अन्यथा आठ यंत्रांच्या आठ आवाजांत कोणासच काही ऐकू येणार नाही. निवेदन रिकाम्या वर्गात, भ्रमणध्वनी तोंडाजवळ धरून नोंदवावे. चित्रणात मुलांचे चेहरे असतात, तेव्हा पालकांची लेखी संमती दप्तरी ठेवावी. दृश्य बदलताना गरगरणारी चित्रे व पार्श्वसंगीताचा गजर यांची मुलांना आवड असते. पहिल्या चित्रफितीत ती भागवू द्यावी, दुसरीत आपोआप कमी होते.

चित्रणाच्या प्रती दोन ठिकाणी असाव्यात: यंत्रातील डी ड्राइव्हवर, आणि कक्षासाठी घेतलेल्या एका बाह्य हार्ड डिस्कवर, जी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील. दर शनिवारी वर्गशिक्षकांनी आपल्या गटांचे फोल्डर या डिस्कवर उतरवावेत. भ्रमणध्वनीतील मूळ चित्रण पुसण्यास हरकत नाही. पण डिस्कवरील प्रत उघडून, चालवून, शेवटपर्यंत पाहिल्यानंतरच. निर्यात झाली म्हणजे काम संपले असे समजून लगेच सामग्री काढून टाकू नये. चित्रफीत पालकसभेत दाखविल्यावर एखाद्या नावाची वा आकड्याची चूक हमखास कोणीतरी दाखवून देतो, आणि ती सुधारावयाची तर वही व कपाट दोन्ही लागतात. वर्षअखेरीस निकाल लागल्यावर, मुलांना त्यांच्या चित्रफितीची प्रत देऊन, डी ड्राइव्ह मोकळा करावा.

ही व्यवस्था करताना अडचण आल्यास केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवावे. कळविताना यंत्राची स्मृती, प्रणालीचे नाव, आज्ञावलीची आवृत्ती आणि पडद्यावर आलेल्या सूचनेचे छायाचित्र सोबत जोडावे. नुसते “चालत नाही” एवढेच लिहून आलेली सात पत्रे सध्या माझ्या टेबलावर आहेत. त्यांना उत्तर काय द्यावे ते मला कळलेले नाही.